गिनी पिगचा हिवाळा: वारा अडवा, हवा अडवू नका

दिवाळी सरली की पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर या भागांत पहाटेचा पारा १०-१२ अंशांवर येतो. थंडीची लाट आली तर त्याच्याही खाली. निफाडला काही वर्षी तो ५ अंशांच्या आत जातो आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. पण याच गावांत दुपारी दोन वाजता २८-३० अंश असतं. नव्यानं गिनी पिग आणलेल्या माणसाचा गोंधळ नेमका इथे होतो. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले बर्फ पडणाऱ्या देशांतले; बागेतल्या लाकडी खुराड्याला थंडीपासून कसं वाचवायचं, हा त्यांचा विषय. आपल्याकडे बर्फ नाही. आपल्याकडे आहे तो एकाच दिवसातला १५-१८ अंशांचा चढउतार, गार फरशी, खिडकीच्या फटीतून येणारा झोत आणि या सगळ्याच्या धास्तीनं आपणच चारी बाजूंनी गुंडाळून टाकलेला, आतून कुबट झालेला पिंजरा. माझ्या मते सगळ्यात जास्त त्रास हा शेवटचा देतो.

‘हे अँडीज पर्वतातले प्राणी, त्यांना कसली थंडी?’ असंही ऐकायला मिळतं. अर्धं खरं आहे. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोरच्या डोंगराळ भागांत गिनी पिग हजारो वर्षांपासून पाळले जातात, पण ते घरात, बरेचदा चुलीजवळच्या उबेत. उघड्या माळावर थंडी काढायची सवय पाळीव जातीला नाही. ते बीळ खणत नाहीत, हिवाळाभर झोपून राहत नाहीत, आणि सगळा मिळून किलोभराचा जीव. त्यांना साधारण १८ ते २४ अंश मानवतं. ब्रिटनमधली आरएसपीसीए ही प्राणीकल्याण संस्था पारा १५ च्या खाली गेला की त्यांना घरात घ्यायला सांगते. वरच्या टोकाला २६-२७ अंशांपुढे त्यांना उष्म्याचा धोका सुरू होतो. म्हणजे आपल्या गॅलरीत जानेवारीच्या एकाच दिवशी दोन्ही टोकं ओलांडली जाऊ शकतात.

पायरी १: आधी मोजा

पिंजऱ्याला हात लावण्याआधी एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारा. तो भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावू नका. पिंजऱ्याच्या तळाच्या पातळीवर ठेवा. गार हवा खाली बसते, त्यामुळे आपण उभे असतो तिथलं तापमान आणि फरशीजवळचं तापमान यांत फरक पडतो. तीन-चार दिवस रात्रीचा नीचांक आणि दुपारचा उच्चांक लिहून ठेवा. बंद फ्लॅटमध्ये, बाहेर १० अंश असतानाही, आत बहुधा १७-२० मिळतील. मग तुमचं काम अंथरूण आणि झोत एवढंच. पत्र्याच्या किंवा कौलारू घरात, वाड्यात, रो-हाउसच्या तळमजल्यावर नीचांक १५ च्या खाली दिसला, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या तुमच्यासाठी.

पायरी २: जागा

गॅलरी नको, एवढं मी ठामपणे सांगेन. थंडी, दुपारचं ऊन, बोका, उंदीर, शेजारच्या सोसायटीची शेकोटी, सगळं तिथेच येतं. काचा लावून बंद केलेली गॅलरी त्याहून फसवी: रात्री गार आणि दुपारी भट्टी.

घरात आतल्या भिंतीचा कोपरा शोधा. बाहेरची भिंत रात्री गार पडते. मुख्य दरवाजा, बाथरूमचा दरवाजा आणि सरकती खिडकी यांच्या सरळ रेषेत पिंजरा नको. झोत कुठून येतो ते कळायला एक जुनी युक्ती आहे: प्राणी दुसऱ्या खोलीत ठेवा, पिंजऱ्याच्या जागी जमिनीलगत उदबत्ती धरा आणि धूर कुठे वळतो ते पाहा. धूर सरळ वर गेला तर जागा चांगली. आडवा झाला तर ज्या फटीकडून ढकलला जातो तिथे जुन्या चादरीची गुंडाळी लावा. मग खोली मोकळी करा, धूर गेल्यावरच प्राणी परत आणा. त्यांची श्वासनलिका नाजूक असते. डासांची कॉइल, धूप, कापूर, डांबरगोळ्या यांतलं काहीच त्या खोलीत नको.

पिंजरा फरशीवर टेकवू नका. कोटा, शहाबादी, टाइल्स काहीही असो, रात्री ती फरशी अंगातली ऊब खेचून घेते. फूटभर उंचीचं टेबल किंवा जुनी दिवाणखाट पुरते. तेही नसेल तर खाली जाड थर्माकोल आणि त्यावर प्लायवूड. थर्माकोल मात्र त्यांच्या दातांपासून पूर्ण झाकलेला असू द्या. सूर्याची किरणं सकाळी थोडा वेळ येणारी खोली उत्तम. कोवळं ऊन त्यांना आवडतं, पण पिंजऱ्याचा अर्धा भाग कायम सावलीत हवा, म्हणजे नको असेल तेव्हा ते उठून जाऊ शकतील.

पायरी ३: पिंजरा

दोन गिनी पिगसाठी किमान साडेसात चौरस फूट, जमलं तर दहा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात पोपटाच्या पिंजऱ्याएवढं काहीतरी दाखवतात. त्यात हालचाल होत नाही, आणि हालचाल हीच त्यांची स्वतःची शेगडी. जाळीचा तळ असलेला पिंजरा तर घेऊच नका. तळपायाला जखमा होतात आणि खालून वारा लागतो तो वेगळाच.

सगळ्यात परवडणारा मार्ग म्हणजे जोडता येणाऱ्या लोखंडी जाळ्या आणि तळाला सनपॅक शीट, ज्याच्या जाहिरातीच्या पाट्या करतात ती. फ्लेक्स बनवणाऱ्याकडे मिळते. कडा सहा ते आठ इंच वर दुमडून ट्रे करा. हिवाळ्यात मात्र एक बदल करा: ज्या बाजूला ते झोपतात, तिथली भिंत बाहेरून बारा-चौदा इंचांपर्यंत त्याच शीटनं बंद करा. तीन बाजू एवढ्या उंचीपर्यंत बंद, समोरची बाजू आणि वरचा भाग मोकळा. त्यांच्या अंगाच्या पातळीवर वारा लागत नाही आणि वरून हवा खेळते. हिवाळी घराची मुख्य रचना एवढीच.

एकटा गिनी पिग ठेवू नका. ते कळपानं राहणारे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून त्यांना एकटं ठेवायला कायद्यानं मनाई आहे. पण भर थंडीत घाईघाईनं जोडीदार आणायचा असेल तर नव्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून मगच भेट घालून द्या. दुकानात नर-मादी ओळखण्यात सर्रास चुका होतात, तेही डॉक्टरांकडून तपासून घ्या. सशाबरोबर एकत्र ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, ती सोडा. सशाची लाथ जोरकस असते, शिवाय ससे आणि कुत्रे बोर्डेटेला नावाचा जंतू स्वतः आजारी न दिसता बाळगू शकतात आणि गिनी पिगला त्यानं न्यूमोनिया होतो.

पायरी ४: अंथरूण

इथे घाई करू नका, कारण हिवाळ्याचा खरा निकाल इथे लागतो. गिनी पिग दिवसभर खातात आणि दिवसभर मुततात. ओल्या अंथरुणावर बसलेलं जनावर १८ अंशांतही गारठतं; कोरड्यात बसलेलं १४ अंशांतही बऱ्यापैकी तग धरतं.

दोन रस्ते आहेत. पहिला कापडाचा: सर्वांत खाली लहान बाळांच्या अंथरुणात घालतात ती ड्राय शीट, त्यावर जुन्या टॉवेलची घडी, आणि सर्वांत वर पोलर फ्लीसची चादर. नव्या फ्लीसवर पाणी वरच साचून राहतं, खाली उतरत नाही; म्हणून वापरण्याआधी ती तीन-चार वेळा धुवून घ्या आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नका. मग ओल तिच्यातून खालच्या टॉवेलमध्ये उतरते आणि वरचा भाग कोरडा लागतो. टॉवेल उघडा ठेवायचा नाही, त्याच्या टाक्यांत नखं अडकतात. आजीची सुती गोधडी कितीही उबदार असली तरी ती आत नको: एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. जुने स्वेटरही नकोत. उसवलेला लोकरीचा धागा पायाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं.

दुसरा रस्ता गवताचा: तळाला वर्तमानपत्राचे सात-आठ थर, त्यावर कागदाच्या गोळ्यांचं किंवा भट्टीत वाळवलेल्या लाकडाच्या पातळ साली-ढलप्यांचं तीन इंच अंथरूण, आणि झोपायच्या कोपऱ्यात मऊ सुकं गवत भरपूर. वखारीतला फुकटचा भुसा टाळा. तो बारीक असतो, नाकात जातो, आणि त्यात प्लायवूडच्या डिंकाची धूळ मिसळलेली असू शकते. देवदारासारख्या कडक वासाच्या लाकडाचा भुसा तर नकोच. मावळात, कोकणात भाताचा पेंढा सहज मिळतो. ऊब धरायला तो चांगला, पण काड्या टोकदार असतात. डोळ्याला इजा होऊ नये म्हणून त्याला खालचा थर करा आणि वर मऊ गवत घाला. पेंढा उघडताना वास घ्या. जरासाही बुरशीचा वास आला तर तो गोठ्यातल्या गाईलाही नको आणि यांनाही नको.

रोज सकाळी ओले कोपरे काढा. ते बहुधा ठरलेले असतात: खाण्याच्या जागेखाली आणि झोपायच्या घरात. तीन-चार दिवसांनी पूर्ण बदल. थंडीत आपल्यालाच पाण्यात हात घालायचा कंटाळा येतो, हे खरं कारण असतं; म्हणून कापडाचे दोन संच ठेवा, एक वाळत असताना दुसरा आत. ट्रेवरचा पांढरा क्षार व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन निघतो. धुतलेला ट्रे पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायचा नाही.

पाण्याची बाटली हाही अंथरुणाचाच विषय. नळी गळत असेल तर एका रात्रीत कोपरा चिंब होतो. रोज रात्री नळीखाली हात लावून बघा, आणि तिथे एक उथळ ताटली ठेवा.

पायरी ५: झोपायचं घर

प्रत्येकाला एक, आणि वर एक जादा. बुटांचा किंवा किराणा सामानाचा पुठ्ठ्याचा खोका चालतो, पिना आणि चिकटपट्टी काढून. दोन दारं कापा, म्हणजे एकानं दुसऱ्याला आत कोंडायला नको. आतली जागा दोघं शेजारी बसतील एवढीच. मोठ्या खोक्यात त्यांच्या अंगाची ऊब साठत नाही. गवत छताला लागेल इतकं भरा, ते स्वतः खाऊन-तुडवून आपली बैठक करतात. उन्हाळ्यासाठी ठेवलेला आडवा माठ आता बाहेर काढा. तो गारव्यासाठीच होता.

पायरी ६: पांघरूण किती?

रात्री पिंजऱ्यावर चादर टाकायला हरकत नाही. गोधडी इथे कामाला येते, बाहेरून. पण तिन्ही बाजू आणि वरचा दोन-तृतीयांश भाग, एवढंच. समोरची बाजू उघडी राहिली पाहिजे. प्लॅस्टिकचा कागद कधीच नको.

कारण असं: मूत्रातून अमोनिया तयार होतो. बंद पिंजऱ्यात तो आणि त्यांच्या श्वासाची वाफ दोन्ही आतच साठतात. अमोनियानं नाक आणि श्वासनलिकेचं अस्तर चुरचुरतं, आणि त्या दुखावलेल्या अस्तरावर जंतूंना पाय रोवता येतात. मग मालक म्हणतो, थंडी लागली. खरं तर थंडीच्या भीतीनं केलेला बंदोबस्त लागलेला असतो. परीक्षा सोपी आहे. सकाळी चादर काढण्याआधी नाक पिंजऱ्याच्या तळाशी न्या. डोळ्यांत झोंबलं किंवा शीटच्या आतल्या बाजूला दव दिसलं, तर आजपासून पांघरूण कमी आणि सफाई जास्त.

मुंबई, कोकण, गोव्यातल्या लोकांनी तर एवढंच वाचलं तरी पुरे. तिथे रात्री फार गार होत नाहीत, दमटपणाच जास्त. पांघरुणाऐवजी कोरड्या अंथरुणावर खर्च करा.

पायरी ७: बाहेरची ऊब, लागलीच तर

थर्मामीटर रात्री १५ च्या खाली दाखवत असेल, पिल्लं असतील, म्हातारं किंवा आजारी जनावर असेल, किंवा बिनकेसाची स्किनी जात असेल, तरच. निरोगी, केसाळ जोडीला बंद घरात सहसा लागत नाही.

सर्वांत बरी पद्धत म्हणजे शेकायची रबरी पिशवी. पाणी गरम, उकळतं नाही. पिशवी जाड टॉवेलमध्ये गुंडाळा आणि पिंजऱ्याच्या आत न ठेवता ट्रेच्या खाली, झोपायच्या कोपऱ्याखाली सरकवा. आत ठेवली तर कुरतडतात. ऊब फक्त एका टोकाला हवी, म्हणजे नको झाली की दुसऱ्या टोकाला जाता येतं. रात्री झोपताना एकदा आणि पहाटे उठलात तर एकदा भरा. पहाटेची वेळ सर्वांत गार असते.

रूम हीटर लावायचाच तर तेल भरलेला, पिंजऱ्यापासून चार-पाच फूट लांब, तोंड दुसरीकडे. लाल कॉइलचा हीटर आणि सुकं गवत एका खोलीत नकोत, आगीला निमित्त लागत नाही. कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसा पिवळा बल्ब काही जण लावतात. त्यानं रात्रभर उजेड राहतो, त्यांना दडून झोपता येत नाही आणि कापड बल्बला टेकलं तर धोका. माणसांचा इलेक्ट्रिक ब्लँकेट तर मुळीच नको. वायर त्यांच्या दातांच्या टप्प्यात येईल असं काहीही करू नका. त्यांचे दात जन्मभर वाढतात आणि ते सतत काहीतरी कुरतडणारच. ग्रामीण भागात वीज जाते हे धरून चाला आणि विजेवर पूर्ण विसंबू नका.

परदेशात, सेंट्रल हीटिंगच्या घरात राहणाऱ्या मराठी मंडळींनी उलटी काळजी घ्यायची: पिंजरा रेडिएटरला चिकटवू नका.

पायरी ८: खाणंपिणं

ऊब आतून येते ती गवतातून. आहाराचा बहुतेक भाग, साधारण ८० टक्के, सुकं गवत असावं आणि ते रात्रभर संपता कामा नये. टिमोथी किंवा ओट हे ऑनलाइन मिळतं. ओल्या हरळीची जुडी बाजारात मिळते, ती धुवून, पूर्ण निथळून द्या. दवानं भिजलेलं गार गवत तसंच टाकू नका. लसूणघास या जनावरांच्या चाऱ्यात कॅल्शियम जास्त, म्हणून तो सहा महिन्यांखालच्या पिल्लांना आणि गाभण मादीलाच. ज्वारीचं कोवळं पीक चुकूनही नको. कोवळ्या ज्वारीनं गुराढोरांना विषबाधा होते, हे कुठलाही शेतकरी सांगेल.

माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आणि ते कमी पडलं की सांधे दुखतात, प्रतिकारशक्ती घटते, सर्दी लवकर धरते. ढोबळी मिरचीचे दोन-तीन उभे काप रोज दिले की बहुतेक काम होतं. कोथिंबीर चांगली. हिवाळ्यात आवळा आणि पेरू मुबलक. आवळ्याचा नखाएवढा तुकडा खाल्ला तर उत्तम, आंबट म्हणून नाकारला तर जबरदस्ती नको. पेरूत साखर असते, बोटाच्या पेराएवढाच, आठवड्यातून एक-दोनदा. गाजरांचे ढीग दिसतात म्हणून रोज गाजर नको. पालक क्वचित, कोबी-फ्लॉवर जपून, कांदा-लसूण-बटाटा कधीच नाही. आणि संक्रांतीचा तिळगूळ आपल्यासाठी, त्यांच्यासाठी नाही.

क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात टाकू नका. ते लवकर निष्प्रभ होतात आणि चव बदलल्यानं प्राणी पाणीच कमी पितात. पाणी दिवसातून दोनदा बदला; पहाटेचं गारढोण पाणी ओतून साधं, खोलीच्या तापमानाचं द्या.

दिवाळीत घरातल्या सगळ्यांचं अभ्यंगस्नान होतं, त्यातून यांना वगळा. हिवाळ्यात अंघोळ नाही. मागचा भाग घाण झाला तर कोमट पाण्यानं तेवढाच धुवा आणि टॉवेलनं पूर्ण कोरडा करा. लांब केसांच्या जातींचे मागचे केस थंडी सुरू होण्याआधीच कातरून टाका, ते मूत्रात भिजतात.

पायरी ९: रोज काय पाहायचं

सकाळी भाजीची पिशवी वाजली की ते शिट्टीसारखा आवाज करतात. आवाज आला, पळत आले, खाल्लं: ठीक आहे. अंग फुलवून कोपऱ्यात बसलेलं, डोळे अर्धे मिटलेले, नाकाला किंवा डोळ्याला चिकट स्राव, श्वासाला घरघर, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. गिनी पिगनं बारा तास काही खाल्लं नाही तर ती तातडीची वेळ समजा. त्यांचं आतडं थांबलं की सुरू करणं अवघड असतं. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघराच्या काट्यावर वजन करा. ५० ग्रॅम घटलं तर नीट लक्ष ठेवा, १०० घटलं तर दाखवा. हे प्राणी आजार लपवतात, काटा लपवत नाही.

घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. पेनिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन ही तोंडावाटे दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि जनावर दगावू शकतं. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर गिनी पिग पाहतोच असं नाही, म्हणून नोव्हेंबरातच फोन करून विचारून ठेवा. बाम, व्हिक्स, वाफारा हे घरगुती उपाय त्यांच्यावर करू नका.

गारठून अंग थंड पडलेलं जनावर सापडलं तर एकदम हीटरसमोर धरू नका. कोरड्या कापडात गुंडाळून छातीशी घ्या, कोमट पिशवी कापडाआडून लावा, हळूहळू ऊब येऊ द्या आणि तसंच घेऊन दवाखाना गाठा.

फेब्रुवारीत

होळीला थंडी जळते म्हणतात, पण गिनी पिगसाठी हिशेब त्याआधीच बदलतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारी ३२-३३ अंश होतात आणि पहाट अजून गार असते. या काळात बाजूच्या शीट सकाळी काढायच्या आणि रात्री लावायच्या. थर्मामीटर दुपारी २६ च्या वर दाखवू लागला की ट्रेखालचा थर्माकोल काढा, फ्लीसचा एक थर कमी करा आणि आडवा ठेवलेला माठ पुन्हा धुवून आत ठेवा.